मिखाईल पोक्रोव्स्की : शोषितांचा इतिहास लिहिणाऱ्या माणसाची चूक

गेल्या एप्रिलची गोष्ट. आमच्या वस्तीतल्या विहारात जयंतीची तयारी चालू होती. बॅनरचा मजकूर माझ्याकडे होता. बाबासाहेबांच्या फोटोखाली मी एक वाक्य टाकले. दरवर्षी व्हॉट्सॲपवर फिरते, तुम्हीही वाचले असेल. रविवारच्या अभ्यासवर्गाला येणारी बारावीची एक मुलगी बॅनरचा नमुना बघून म्हणाली, "दादा, हे बाबासाहेबांनी कुठं म्हटलंय? कोणत्या खंडात आहे?"

मला खंड सांगता आला नाही. "बघून सांगतो" एवढे म्हणालो असतो तर विषय तिथेच संपला असता. पण समोर दहा-पंधरा पोरे बसली होती. मी म्हणालो, "तुला बाबासाहेबांवर शंका आहे का? हा प्रश्न विचारायला तुला कोणी सांगितलं?" पोरे हसली. ती गप्प झाली. पुढचे तीन रविवार ती आली नाही.

त्या रात्री मी घरातले खंड काढून बसलो. वाक्य सापडले नाही. पुढच्या आठवड्यातही सापडले नाही. बॅनर मात्र छापून आला होता, तो चौकात लागला.

मी समाजशास्त्रात एम.ए. केले आहे. 'पुरावा द्या' हे आम्हाला दोन वर्षे शिकवले गेले, आणि मीही पोरांना तेच शिकवतो. मग पुरावा मागणाऱ्या मुलीला मी असे का बोललो? या प्रश्नाने मला बरेच दिवस छळले. त्याच दिवसांत मी एका सोव्हिएत इतिहासकाराबद्दल पुन्हा वाचू लागलो. एम.ए.ला असताना त्यांचे नाव ओझरते कानावर आले होते, तेव्हा लक्ष दिले नव्हते. मिखाईल निकोलायेविच पोक्रोव्स्की. आपल्या चळवळीतल्या तरुणांना हे नाव बहुतेक माहीत नसेल. ते माहीत करून घ्यावे, म्हणून हा लेख. त्यांच्या आयुष्यातला पहिला भाग वाचताना तुम्हाला आपलाच माणूस वाचतोय असे वाटेल. दुसरा भाग वाचताना अस्वस्थ व्हाल. मी झालो.

झारांचा इतिहास उलटा करणारा माणूस

पोक्रोव्स्की यांचा जन्म १८६८ सालचा, मॉस्कोचा. वडील सरकारी नोकरीत. मॉस्को विद्यापीठात ते क्ल्युचेव्स्की आणि विनोग्रादोव या त्या काळच्या नामवंत इतिहासकारांच्या हाताखाली शिकले आणि १८९१ मध्ये पदवीधर झाले. पुढचा रस्ता सरळ होता. प्राध्यापकी, मानमरातब, झारच्या राजवटीत सुरक्षित जागा. पण राजकीय मतांमुळे त्यांच्या जाहीर व्याख्यानांवर बंदी आली. १९०५ च्या क्रांतीच्या धामधुमीत ते बोल्शेविक पक्षात गेले. नंतर फिनलंड, मग फ्रान्स असा परागंदा अवस्थेतला काळ गेला, तो थेट १९१७ पर्यंत.

परागंदा असतानाच १९१० पासून त्यांचा रशियाचा इतिहास पाच खंडांत प्रसिद्ध झाला. या ग्रंथाने काय केले ते समजून घ्या. तोवर रशियाचा इतिहास म्हणजे राजांची वंशावळ होती. कोणता झार गादीवर आला, त्याने कोणती लढाई जिंकली, राज्य किती वाढवले. पोक्रोव्स्की यांनी प्रश्न बदलला. हे राज्य कोणाच्या जिवावर उभे राहिले? धान्य कोणी पिकवले, ते कोणी विकले, नफा कोणाच्या घरात गेला? त्यांच्या मांडणीत झार हा व्यापारी भांडवलाचा मुखवटा ठरला. राजमुकुट झारच्या डोक्यावर असला तरी मुकुटाखाली बाजाराचा हिशोब आहे, असे त्यांचे म्हणणे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. रशियन साम्राज्याने कॉकेशस जिंकला, मध्य आशिया जिंकला, सायबेरिया गिळला. जुन्या पुस्तकांत हे सगळे पराक्रम म्हणून लिहिले होते. मागासांना सुसंस्कृत केले, असा सूर. पोक्रोव्स्की यांनी त्याला सरळ वसाहतवादी लूट म्हटले. कॉकेशसमध्ये इमाम शामिलने झारच्या फौजांशी वर्षानुवर्षे झुंज दिली, तिच्याकडे त्यांनी जिंकल्या गेलेल्या लोकांच्या बाजूने पाहिले. स्वतः रशियन असून, मॉस्कोच्या विद्यापीठात शिकलेला माणूस असून, आपल्याच लोकांच्या साम्राज्याबद्दल असे लिहायला हिंमत लागते. आपल्याकडे महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहून वामन-बळीची गोष्ट बळीच्या बाजूने सांगितली. दोन्ही लेखकांचे देश वेगळे, काळ वेगळा, साधने वेगळी. तरी इतिहास हरलेल्यांच्या बाजूने वाचायचा ही दृष्टी दोघांत दिसते.

विद्यापीठाचे दार उघडणारा माणूस

ऑक्टोबर क्रांतीनंतर पोक्रोव्स्की काही महिने मॉस्को सोव्हिएतचे अध्यक्ष होते. १९१८ मध्ये ते शिक्षण खात्याचे उपमंत्री झाले. खात्याचे प्रमुख लुनाचार्स्की. या पदावर ते मरेपर्यंत, म्हणजे चौदा वर्षे होते.

ऑगस्ट १९१८ मध्ये लेनिनच्या सहीने एक आदेश निघाला. सोळा वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही विद्यापीठात प्रवेश, शाळेच्या प्रमाणपत्राची अट नाही, प्रवेश परीक्षा नाही, फी नाही. कागदावर दार उघडले. पण दार उघडले म्हणून आत बसता येते असे नाही, हे आपल्याइतके कोणाला माहीत असणार? ज्याला लिहिता-वाचता जेमतेम येते, जो सकाळपासून संध्याकाळपर्यंत कारखान्यात राबतो, त्याने गणिताच्या व्याख्यानाला बसून काय करायचे? तेव्हा १९१९ पासून 'रबफाक' सुरू झाले. रबफाक म्हणजे कामगार विद्याशाखा. कामगार आणि शेतकऱ्यांच्या मुलांना विद्यापीठाच्या शिक्षणासाठी तयार करणारे वर्ग, विद्यापीठाच्याच आवारात. जुन्या प्राध्यापकांनी नाके मुरडली. दर्जा घसरेल, असे ते म्हणाले. 'दर्जा' हा शब्द कोणाला बाहेर ठेवण्यासाठी वापरतात, ते तुम्हाला सांगायला नको. पोक्रोव्स्की या वर्गांच्या मागे ठाम उभे राहिले.

हे वाचताना मला मुंबईचे सिद्धार्थ महाविद्यालय आठवले. बाबासाहेबांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली आणि १९४६ मध्ये हे महाविद्यालय सुरू केले, ते नोकरी करून शिकू पाहणाऱ्या मुलांचा विचार करून. दोन्ही प्रयोग सारखे होते असे मला म्हणायचे नाही. पण शिक्षणाची सोय शिकणाऱ्याच्या दिवसाला जुळली पाहिजे, हे दोन्हीकडे कोणाला तरी कळले होते.

पोक्रोव्स्की यांनी १९२० मध्ये रशियाचा एक अगदी संक्षिप्त इतिहास लिहिला. साध्या कामगाराला कळावा म्हणून. लेनिनने तो वाचून त्यांना अभिनंदनाचे पत्र पाठवले. त्याच पत्रात एक सूचनाही केली, की पुस्तकाला सनावळीची जोड द्या, म्हणजे वाचणारे वरवरच्या शेऱ्यांवर थांबणार नाहीत, त्यांना घडलेल्या गोष्टी माहीत होतील. ही सूचना लक्षात ठेवा. पुढे तिचा संदर्भ येणार आहे.

हळूहळू एकेक संस्था त्यांच्या हाती आली. कम्युनिस्ट अकादमी. नव्या पिढीचे मार्क्सवादी प्राध्यापक घडवण्यासाठी १९२१ मध्ये निघालेली 'लाल प्राध्यापकांची संस्था'. देशाचे मध्यवर्ती दप्तरखाने. मार्क्सवादी इतिहासकारांची संघटना आणि तिचे नियतकालिक. दप्तरखान्यांतून झारशाहीची गुप्त कागदपत्रे त्यांनी छापायला लावली, आणि जगभरच्या इतिहासकारांना ती आजही उपयोगी पडतात. १९२८ मध्ये ऑस्लोला इतिहासकारांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तेव्हा सोव्हिएत शिष्टमंडळाचे नेते तेच होते. सोव्हिएत देशात इतिहास कोणी शिकवायचा, काय शिकवायचे, काय छापायचे, कोणाला दप्तर बघू द्यायचे, या सगळ्यावर आता एका माणसाची छाप होती.

आणि चूक

या टप्प्यावर मला माझा अभ्यासवर्ग आठवायला लागला.

पोक्रोव्स्की यांचे एक मत प्रसिद्ध आहे. बूर्झ्वा इतिहासकारांचा इतिहास म्हणजे आजचे राजकारण भूतकाळावर लादणे, असे ते म्हणत. हे खरेच आहे. आपणही म्हणतो, की ब्राह्मणी इतिहासलेखन म्हणजे आजची जातव्यवस्था पुराणकाळावर चढवणे. पण यातून दोन वाटा फुटतात. पहिली वाट अशी : ते इतिहासात राजकारण घुसवतात, म्हणून आपण पुरावा अधिक काटेकोरपणे तपासू. दुसरी वाट अशी : सगळाच इतिहास राजकारण आहे, मग आपले राजकारण बरोबर असले म्हणजे आपला इतिहासही बरोबर.

पोक्रोव्स्की आयुष्यभर पहिल्या वाटेवर होते असे त्यांना स्वतःला वाटत असावे. टीका झाल्यावर त्यांनी व्यापारी भांडवलाच्या आपल्या सिद्धांतात बदलही केले. तेवढे प्रामाणिक ते होते. पण विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या शेवटी, सत्ता हातात असताना, ते दुसऱ्या वाटेने गेले. बूर्झ्वा विद्वानांबरोबर शांततेने नांदण्याचा काळ संपला, अशी त्यांची भूमिका झाली. जुना इतिहासकार चुकतो आहे एवढे म्हणून ते थांबले नाहीत. तो वर्गशत्रू आहे, असे त्यांच्या वर्तुळात बोलले आणि लिहिले जाऊ लागले. चुकणाऱ्याला उत्तर द्यावे लागते. शत्रूला उत्तर देण्याची गरज उरत नाही, त्याचा बंदोबस्त करायचा असतो.

१९२९ च्या शेवटापासून लेनिनग्राड आणि मॉस्कोत इतिहासकारांना अटका सुरू झाल्या. शंभरहून जास्त लोक पकडले गेले. आरोप काय, तर राजेशाही परत आणण्याचा कट. हा कट राजकीय पोलिसांनी रचलेला बनाव होता. सेर्गेई प्लातोनोव हे रशियाच्या सतराव्या शतकातल्या अराजकाच्या काळाचे मोठे अभ्यासक, विज्ञान अकादमीचे सदस्य. त्यांना समाराला हद्दपार केले गेले, आणि तिथेच १९३३ च्या जानेवारीत ते वारले. येवगेनी तार्ले यांना अल्माटीला पाठवले गेले. मात्वेई ल्युबाव्स्की एकेकाळी मॉस्को विद्यापीठाचे कुलगुरू होते. तेही हद्दपारीतच गेले.

अटकेचे आदेश पोक्रोव्स्की यांनी काढले नव्हते. ते काम पोलिसांचे होते. पण त्यासाठी लागणारी भाषा त्यांच्या वर्तुळाने तयार केली होती. अकादमीतल्या जुन्या विद्वानांविरुद्धच्या मोहिमेत ते स्वतः पुढे होते. माणसे तुरुंगात असताना त्यांच्या संघटनेतल्या लोकांनी सभा भरवून त्यांच्यावर टीका केली, पुस्तिका काढल्या. ज्याला उत्तर देता येत नाही अशा माणसावर टीका करायला काय लागते? १९३१ मध्ये अशी एक पुस्तिका लेनिनग्राडमध्ये निघाली, इतिहासाच्या आघाडीवरचा वर्गशत्रू या आशयाच्या नावाची. लेखक झायदेल आणि त्स्विबाक. सहा वर्षांनी, १९३७ मध्ये, हे दोघेही स्तालिनच्या दहशतीत गोळी घालून मारले गेले.

प्लातोनोव हे झारशाहीकडे झुकलेले होते, त्यांच्याबद्दल आपल्याला काय एवढे वाटायचे? असे काही मित्र विचारतील. मीही आधी तसाच विचार केला. मग लक्षात आले की प्रश्न प्लातोनोवबद्दल सहानुभूती वाटण्याचा नाहीच. पोक्रोव्स्की यांच्या मांडणीत काही दुबळे दुवे होते. सगळा इतिहास ते व्यापाराच्या एकाच खुंटीला टांगत. माणसे, घटना, तारखा त्यांच्या पुस्तकांतून पुसट होत गेल्या. हे दुवे दाखवून देऊ शकणारी माणसे नेमकी हीच होती. त्यांना हटवल्यावर चूक दाखवणारे कोणी उरले नाही. उरली ती फक्त सत्ता. आणि सत्ता कोणाची चूक केव्हा दाखवायची, हे पुराव्यावर ठरवत नाही.

मेल्यानंतरचा खटला

१० एप्रिल १९३२ रोजी पोक्रोव्स्की कर्करोगाने वारले. त्यांच्या अस्थी क्रेमलिनच्या भिंतीत ठेवल्या गेल्या. मॉस्को विद्यापीठाला त्यांचे नाव दिले गेले. एवढा मान.

दोन वर्षांत वारे फिरले. स्तालिनला आता मजबूत राज्य हवे होते, आणि त्यासाठी मजबूत राजांचा इतिहास. मे १९३४ मध्ये शाळांतल्या इतिहासशिक्षणाबद्दल सरकारी आणि पक्षीय आदेश निघाला. मुलांना घटना, व्यक्ती, सनावळी यांच्याऐवजी समाजशास्त्राचे कोरडे आराखडे शिकवले जातात, अशी तक्रार त्यात होती. तक्रार पूर्ण खोटी नव्हती. चौदा वर्षांपूर्वी लेनिनने मैत्रीने जे सुचवले होते, तेच आता हुकूम म्हणून आले. सूचना आणि हुकूम यांत काय अंतर असते ते इथे पाहा.

जानेवारी १९३६ मध्ये पोक्रोव्स्की यांच्या 'संप्रदाया'वर नाव घेऊन हल्ला झाला. १९३७ मध्ये विद्यापीठाचे नाव बदलले. त्यांच्या शिष्यांपैकी वानाग, त्यांच्या संस्थांत वाढलेले फ्रीडलांड आणि प्योन्त्कोव्स्की यांना त्याच वर्षी गोळ्या घातल्या गेल्या. त्यांच्या संक्षिप्त इतिहासाचा इंग्रजी अनुवाद करणारे मिर्स्की लंडनहून सोव्हिएत देशात परत गेले होते. त्यांना १९३७ मध्ये अटक झाली आणि १९३९ मध्ये छळछावणीत ते वारले. १९३९ आणि १९४० मध्ये पोक्रोव्स्की यांच्याविरुद्ध लेखांचे दोन जाडजूड संग्रह निघाले. लिहिणाऱ्यांत त्यांचेच विद्यार्थी होते. अन्ना पांक्रातोवा ही त्यांची गाजलेली शिष्या, तिचाही लेख त्यात आहे. तिला दोष देणे सोपे आहे. पण त्या वर्षांत तिच्यावरही पक्षाने कारवाई केली होती, मॉस्को सोडून तिला साराटोवला जावे लागले होते. गुरूविरुद्ध लिहिण्याला नकार देण्याची जागा तिच्याकडे कितीशी होती? अशी जागा असावी लागते, आणि ती आधीच बांधून ठेवावी लागते. गुरूने ती बांधली नव्हती.

नवे शालेय पुस्तक १९३७ मध्ये आले. त्याचे मुख्य लेखक शेस्ताकोव हेही पोक्रोव्स्की यांच्या संस्थेतून शिकून निघालेले. राजे परत आले, सेनापती परत आले. झारने जिंकलेल्या देशांबद्दल नवे सूत्र ठरले, की परक्या एखाद्या सत्तेच्या ताब्यात जाण्यापेक्षा रशियाच्या ताब्यात येणे हे त्या लोकांसाठी 'कमी वाईट' होते. पुढे शामिलही खलनायक झाला. १९५० मध्ये अझरबैजानी तत्त्वज्ञ गेदार गुसेइनोव यांना दिलेले स्तालिन पारितोषिक काढून घेतले गेले, कारण त्यांनी शामिलच्या चळवळीबद्दल बरे लिहिले होते. त्याच वर्षी त्यांनी आत्महत्या केली. पोक्रोव्स्की यांनी आयुष्यभर ज्या हरलेल्यांची बाजू मांडली, ती बाजू त्यांच्याबरोबर पुसली गेली.

आणि तार्ले? ते हद्दपारीतून परत आले होते. १९३६ मध्ये त्यांचे नेपोलियनवरचे पुस्तक आले, पुढे त्यांना स्तालिन पारितोषिकही मिळाले. म्हणजे कालचा शत्रू आज विद्वान झाला, कालचा विद्वान आज शत्रू. दोन्ही निर्णयांत पुराव्याचा संबंध नव्हता.

पोक्रोव्स्की यांचे निवडक लेखन पुन्हा छापले गेले ते १९६५ ते १९६७ या काळात, चार भागांत. तोवर एक पिढी त्यांना न वाचताच त्यांना शिव्या देत मोठी झाली होती.

बाबासाहेबांची पद्धत

आता आपल्याकडे येऊ. बाबासाहेबांनीही प्रस्थापित इतिहासाविरुद्ध इतिहास लिहिला. 'शूद्र पूर्वी कोण होते?' हा ग्रंथ १९४६ चा, महात्मा फुल्यांना अर्पण केलेला. 'अस्पृश्य मूळचे कोण?' १९४८ चा. या दुसऱ्या ग्रंथाची प्रस्तावना प्रत्येक कार्यकर्त्याने वाचावी. जिथे थेट पुरावा हरवला आहे तिथे आपण तर्काने दुवा जोडला आहे, हे बाबासाहेब तिथे लपवत नाहीत. मग ते टीकाकारांना सांगतात, की माझे म्हणणे टिकाऊ गृहीतक ठरते का ते तपासा. विचार करा, ज्या समाजाला हजारो वर्षे कोणी बोलूही दिले नाही, त्या समाजाचा सर्वांत मोठा विद्वान विरोधकांना म्हणतो : तपासा. पुराव्याच्या मैदानात आपण जिंकू शकतो, हा विश्वास त्यामागे आहे. आपल्याकडे ना मठ होते, ना जहागिऱ्या, ना छापखाने. पुरावा आणि तर्क एवढीच आपली दौलत. तीच आपण फेकून दिली, तर उरते काय?

२५ नोव्हेंबर १९४९ च्या घटना समितीतल्या भाषणात त्यांनी राजकारणातल्या भक्तीचा धोका सांगितला. ती भक्ती अधःपतनाकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते, हा त्यांचा इशारा. २० नोव्हेंबर १९५६ रोजी काठमांडूला बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना करताना त्यांनी साध्य नाकारले नाही. दुःख आणि शोषण संपले पाहिजे हे त्यांना मान्यच होते. त्यांचा आक्षेप हिंसा आणि हुकूमशाही या साधनांवर होता. आपण हे राज्ययंत्रणेबद्दलचे विधान म्हणून वाचतो. पोक्रोव्स्की वाचल्यावर मला ते ज्ञानाबद्दलही वाटू लागले. जबरदस्तीने मान्य करायला लावलेले सत्य जबरदस्ती करणारा हात बदलला की बदलते.

बुद्धाने आपल्यामागे कोणाला वारस नेमले नाही, धम्म हाच वारस असे सांगितले. कालामांना त्याने सांगितले ते आपण प्रत्येक शिबिरात शिकवतो : परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरू म्हणतो म्हणून मानू नका. शिकवतो खरे. आमच्या विहारात ते भिंतीवर रंगवलेलेही आहे. मी त्या मुलीवर डाफरलो तेव्हा माझी पाठ त्याच भिंतीकडे होती.

'आपल्याकडे सत्ता कुठे आहे?'

एक आक्षेप येईल, तो मी आधीच घेतो. पोक्रोव्स्की यांच्याकडे राज्य होते, तुरुंग होते. आपल्याकडे काय आहे? आपला इतिहास तर पाठ्यपुस्तकांत एक-दोन पानांपलीकडे जात नाही. रोज आपल्यावर खोटे प्रश्न विचारून हल्ले होतात. अशा वेळी आतल्या माणसांनी शंका काढायच्या का?

हल्ले होतात हे खरे आहे. वाईट हेतूने विचारलेले प्रश्नही मला ओळखता येतात. पण सत्ता फक्त मंत्रालयात नसते. अभ्यासवर्गात फळ्यापुढे उभा असतो त्याच्याकडे ती असते. माईक ज्याच्या हातात, ग्रुपचा ॲडमिन जो, स्मरणिकेचा मजकूर जो ठरवतो, त्याच्याकडे ती असते. त्या दिवशी विहारात ती माझ्याकडे होती. मी तिचा वापर कसा केला ते वर सांगितलेच. 'हा प्रश्न तुला कोणी विचारायला सांगितला?' हे वाक्य नीट ऐका. त्यात प्रश्नाचे उत्तर नाही, विचारणाऱ्यावर आरोप आहे. एकोणीसशे तीसच्या मॉस्कोत हेच वाक्य पोलिसांच्या कोठडीत विचारले जात होते. आमच्या विहारात त्याचा परिणाम एवढाच झाला, की एक मुलगी तीन रविवार घरी बसली. परिणाम लहान होता, कारण माझी सत्ता लहान होती. वाक्य तेच होते.

बाहेरचे हल्ले होतात म्हणूनच आतली तपासणी कडक हवी. खोटे वाक्य बाबासाहेबांच्या नावावर आपण छापले आणि ते विरोधकाने पकडले, तर उद्या खरे वाक्यही कोणी मानणार नाही. ती मुलगी आपली तटबंदी तपासत होती. मी तिला फितूर ठरवले.

चौथ्या रविवारी मी तिच्या घरी गेलो. तिची आई कामावरून नुकतीच आली होती, चहा टाकला. मी मुलीला म्हणालो, "वाक्य सापडलं नाही. तुझं बरोबर होतं. मी तसं बोलायला नको होतं." ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग विचारले, "मग बॅनर काढला का, दादा?" बॅनर काढला नव्हता. जयंती होऊन गेली होती, पण चौकात तो तसाच होता. मी दुसऱ्या दिवशी सकाळी दोन पोरांना घेऊन तो उतरवला.

आता आमच्या वर्गाचा एक नियम आहे. बाबासाहेबांच्या, फुल्यांच्या, कोणाच्याही नावावर वाक्य टाकायचे असेल तर खाली खंड आणि पान लिहायचे. पान नसेल तर वाक्य नाही. तपासायचे काम त्या मुलीकडे आहे. पहिल्याच महिन्यात तिने माझ्या एका पोस्टवर बोट ठेवले. मला राग आला. मग मी खंड उघडला.

तुमच्या वस्तीत, तुमच्या ग्रुपवर असा प्रश्न विचारणारे कोणी असेल तर त्याला सांभाळा. तो चुकला तर उत्तर द्या, बरोबर असेल तर आभार माना. त्याला शत्रू ठरवण्याआधी पोक्रोव्स्की यांची गोष्ट आठवा.

जय भीम.